डावीकडचा चढलेला दात

आत्या, तुमचे दात तयार झाले.

क्लिनिकमधून फोन आला तेव्हा घरात सुतक होतं. हॉलमध्ये सतरंजीवर चामराजपेटेतली अर्धी गल्ली बसलेली, माझा नवरा, तुमचा लेक, भिंतीला टेकलेला, आणि तुमची लेक विजूअक्का मधोमध बसून येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही कशा गेलात ते पहिल्यापासून सांगत होती. मी फोन घेऊन मागं न्हाणीत गेले. रिसेप्शनवरची ती पोरगी एकदम खुशीत, ‘मॅडम, अज्जींची कवळी लॅबमधून आली. कधी आणता त्यांना?’ मी ‘सरी, सरी, बरं, आणते’ म्हटलं आणि फोन ठेवला. आणते म्हणे! कुठून आणणार होते मी तुम्हाला?

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशाला उठले ते आठवत नाही. तेरावा झाला, पाहुणे गेले, भाड्याची भांडी परत गेली, तरी माझं आपलं या खोलीतून त्या खोलीत चाललंय. तुमचा लेक म्हणतो, ‘शोभा, जरा टेक की.’ कशी टेकू? तुम्ही माझ्यावर रागावून गेलात, आत्या. आणि रागावायचं कारणच उरलं नव्हतं. ते मला ठाऊक होतं, त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना ठाऊक होतं, फक्त तुम्हाला ठाऊक नव्हतं. गेलेल्या माणसाशी भांडण मिटवायचं कसं, ते कुणी सांगेल का मला?

म्हणून सगळं परत सांगते. तुम्हाला ते माहीत आहे, पण तुमच्या बाजूनं माहीत आहे. माझी बाजू एकदा ऐका. मध्ये बोलू नका.

तुम्ही निपाणीच्या, तंबाखूच्या गावच्या. मी त्याच भागातली, पण आमच्या घरात मिश्री नव्हती. लग्न होऊन इथं आले आणि पहिल्याच रविवारी तुम्ही लोखंडी तव्यावर तंबाखू भाजायला घेतलीत. गल्लीभर ठसका. शेजारची कन्नड मंडळी खिडक्या लावून घ्यायची, आणि तुम्ही आपल्या शांतपणे ती काळी पूड डबीत भरत होतात. सकाळी बोटावर मिश्री घेऊन मागच्या पायरीवर बसायचं, दात घासत घासत निम्मा तास गल्लीवर नजर ठेवायची. तोंड भरलेलं, त्यामुळं हातवारे. दूधवाला उशिरा आला, भुवया वर. कुणाची सून माहेरी चालली, मान तिरकी. मी म्हणायची, ‘आत्या, त्यानं हिरड्या कुजतात, दात हलतात.’ मी पडले शाळामास्तरीण, सांगितल्याशिवाय राहवतं होय? तुम्ही चूळ भरून ऐटीत उत्तर द्यायचात, ‘माजं दात मिश्रीनं न्हाई हलत. तू घरात आलीस आन् एकेक हलाय लागला.’

हे वाक्य तुम्ही किती जणांना सांगितलंत! लग्नात, बारशात, एकदा तर माझ्या आईसमोर. मी आतून जळायची. आणि मग एक दिवस माझंच मला हसू आलं, तेव्हापासून आपलं दोघींचं जमलं म्हणायला हरकत नाही. जमलं म्हणजे काय, भांडण सुरू झालं. आपल्या घरात प्रेमानं बोलायची पद्धतच नव्हती ना. मला ताप आला तर तुम्ही काढा आणून आपटायचात आणि म्हणायचात, ‘पी, न्हाईतर माज्याच गळ्यात पडशील.’ मीही तसलीच झाले.

दात गेले सगळे. पहिली कवळी आली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, मिश्री बंद, गालाच्या आत पांढरा चट्टा दिसतोय, हे लक्षण चांगलं नाही. तपासणीत काही वाईट निघालं नाही, पण मी घाबरले होते, आत्या. तुम्ही नाही घाबरलात. तुम्ही त्यांच्यासमोर मान डोलावलीत आणि डबी मामांच्या शिवणयंत्राच्या खणात लपवलीत. मामा, म्हणजे माझे सासरे, जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, त्या खणाला कुणी हात लावणार नाही अशी तुमची खात्री. मी लावला. त्या दिवशीचं भांडण गल्लीला अजून पाठ असेल.

आणि कवळीची काय तऱ्हा! मऊ ब्रशनं, साध्या साबणानं, गार पाण्यात हळू धुवा असं मी दहा वेळा वाचून दाखवलं. तुम्ही चिंच आणि राखुंडी घेऊन बसलात, देवाची समई घासावी तशी. ‘चकचकीत झालं बग!’ चकचकीत कसले, ओरखडे पडले नुसते, आणि त्या ओरखड्यांत चहाचा रंग जाऊन बसला. रात्री काढून पाण्यात ठेवा म्हटलं, हिरड्यांना विसावा लागतो, तर तेही नाही. ‘रात्रीत डोळं मिटलं तर? सकाळी बोळकं तोंड बगाय गल्ली गोळा हुईल.’ मी म्हणायची, ‘मेल्यावर कसली लाज?’ तुम्ही म्हणायचात, ‘मेल्यावरच तर समदी बगत्यात.’

पण खरा घोळ झाला तो ग्रहणात. मी शाळेत होते. तुम्ही ग्रहणाच्या आधी लोणच्यावर, दुधावर, पिण्याच्या पाण्यावर तुळशीची पानं ठेवलीत, ते ठीक. कवळीच्या डबीतही एक पान टाकलंत. मग ग्रहण सुटल्यावर तुमच्या मनात आलं की दात काही लोणचं नव्हे, तोंडात जायची वस्तू, हिला पानानं भागायचं नाही. सगळं घर धुतलंत आणि शेवटी कवळी पातेल्यात घालून गॅसवर उकळलीत. अंडी उकडतात तशी! मी घरी आले तर तुम्ही पदरात तोंड झाकून बसलेल्या. ‘बसंना ग ती. ग्रहण बादलं तिला.’ ग्रहण कसलं बाधतंय, उकळत्या पाण्यानं तिचा आकारच बिघडला होता. मी आधी चिडले, मग हसता हसता जमिनीवर बसले, आणि मग तुम्हीही हसलात, दात नसलेल्या तोंडानं, पदर बाजूला करून. माझ्यासमोर तुम्ही तसं तोंड उघडं टाकलंत ते तेव्हा पहिल्यांदा. ते हसू माझं एकटीचं आहे, विजूअक्काचंही नाही.

त्यानंतर ती कवळी सैलच. बोलताना टकटक वाजायची, भाकरीच्या घासाबरोबर खाली यायची. चिकटवायची पावडर आणली, ती तुम्हाला मळमळायची. तुम्ही भाकरी दुधात भिजवून गिळायला लागलात, आणि लोक आले की बोलणंच बंद. तुम्ही आणि गप्प! मला ते बघवेना. तुमचा लेक म्हणाला, ‘आता या वयात परत नवी?’ मी म्हटलं, ‘या वयात जेवायचं नसतं का?’ नेहमीप्रमाणे तो म्हणाला, ‘दोघी मिळून ठरवा.’

म्हणून आपण परत राजाजीनगरला क्लिनिकमध्ये गेलो. डॉक्टरीणबाई वाकून म्हणाल्या, ‘अज्जी, स्वल्प बायी तेगीरी,’ आणि तुम्ही आज्ञाधारक पोरीसारखं तोंड उघडलंत. मी तोंड बंद करा म्हटलं तर कधी ऐकलं नाहीत. जबड्यात स्क्रू बसवून पक्के दात करायचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, हाड झिजलंय, साखरही आहे, नको. काढता-घालता येणारीच करू, पण नीट बसणारी. इथपर्यंत आपलं एकमत होतं. मग त्यांनी दातांच्या रंगांची पट्टी पुढं धरली, आणि तिथं ठिणगी पडली.

तुम्ही बोट ठेवलंत ते सगळ्यांत मळकट रंगावर. मी म्हटलं, ‘नवे करायचे आणि जुने दिसायचे?’ तुम्ही पिशवीतून फोटो काढलात. तुमचा आणि मामांचा, त्यांच्या शिवणकामाच्या दुकानाच्या उद्घाटनाचा. मामा ताठ उभे, तुम्ही मात्र कशाला तरी खळखळून हसताय, आणि वरचा डावीकडचा दात शेजारच्या दातावर चढलेला, स्पष्ट दिसतोय. तुम्ही डॉक्टरीणबाईंना फोटो दाखवून म्हणालात, ‘असा पायजे. हा असा चढल्याला.’ त्या चकित झाल्या. म्हणाल्या, लोक वाकडे सरळ करून मागतात. मला तर लाजच वाटली. मी म्हटलं, ‘आत्या, हौस म्हणून तरी सरळ घ्या.’ तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘वर गेल्यावर हे मला वळखणार कसं? ह्यांनी मला त्या दातासकट बगितलंय.’ आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, ‘तिथं काय दात बघून आत घेतात?’

तुम्ही हसला नाहीत. मी जिंकले. रंग पांढरा ठरला, दात सरळ ठरले.

मेणात बसवलेले दात घालून बघायला परत गेलो, तेव्हा तुम्ही आरशात एकदाच बघितलंत आणि आरसा उलटा ठेवलात. रिक्षात माझ्याकडे पाठ करून बसलात. घरी आल्यावर माझ्या हातचा चहा नको म्हणालात. मी मनात म्हटलं, असू दे, चार दिवसांत विसरतील. संध्याकाळी मी आत कणीक मळत होते आणि तुम्ही मागच्या पायरीवर. शेजारच्या सरोजाक्कानं विचारलं, ‘नवे दात कसे आहेत?’ मी कान टवकारले, आता माझा उद्धार होणार म्हणून. तुम्ही म्हणालात, ‘लई झ्याक हायत. सून हाय म्हणून हुतंय बाई समदं. लेकानं सोडून दिलं असतं मला दुधभाकरीवर.’

आत्या, कणकेचे हात तसेच ठेवून मी उभी राहिले. माझ्याशी अबोला, आणि बाहेर माझी बाजू! इतक्या वर्षांत माझ्या तोंडावर तुम्ही असं एक वाक्य बोलला नाहीत. बोलला असतात तर मला पळून जावंसं वाटलं असतं म्हणा. रडायला यायला लागलं, म्हणून मी कणीक आणखी मळली. त्या दिवशीच्या चपात्या तुम्ही म्हणालात चिवट झाल्यात.

दुसऱ्या दिवशी शाळेतून डॉक्टरीणबाईंना फोन केला. विचारलं, अजून बदलता येईल का? त्या म्हणाल्या, मेणातच आहे अजून, आताच सांगा. मी सांगितलं, फोटोत आहे तसा दात चढवा. रंगही अज्जींनी दाखवला तोच. आणि त्यांना सांगू नका, शुक्रवारी घालतील तेव्हा मला त्यांचं तोंड बघायचंय. त्या हसल्या, म्हणाल्या, ‘तुम्ही दोघी सारख्याच.’

सांगून टाकायला हवं होतं का? आता सगळे दिवस तेच चाललंय डोक्यात. पण आपल्याकडं सांगायची रीत होती का, तुम्हीच सांगा. ‘आत्या, तुमचं ऐकलं मी,’ असं मी म्हणायचं? जीभ झडली असती. म्हणून मी उलट चेष्टाच वाढवली. येता-जाता, ‘काय, शुक्रवारी हिरॉईन होणार!’ मजा येत होती मला, खोटं कशाला सांगू. मंगळवारी संध्याकाळीही तेच म्हटलं. तुम्ही वाती वळत होतात. मान वर न करता म्हणालात, ‘हू दे बाई तुज्या मनासारखं.’ आपल्यातलं ते शेवटचं बोलणं.

बुधवारी सकाळी मी चहा घेऊन आले तर तुम्ही उठला नाहीत. चेहरा शांत होता. तोंड आत गेलेलं, ओठ मुडपलेले. सैल कवळी टोचते म्हणून हल्ली तुम्ही रात्री काढून ठेवायला लागला होतात, माझं ऐकून नव्हे, टोचते म्हणून. मला तेव्हा एकच सुचलं. बायका यायच्या आत तुमचे दात बसवायचे. डॉक्टर आले, बघून गेले, तुमचा लेक फोन करत सुटला, आणि मी दार लोटून ती जुनी कवळी धुतली आणि बसवायला गेले. बसेना. आधीच बिघडलेली. दोनदा घसरली. सरोजाक्का आत आली, तिनं माझा हात धरला, म्हणाली, ‘बिडू शोभा, सोड.’ मग हनुवटीखालून पांढरी पट्टी बांधली आणि गल्ली गोळा झाली. मी तुमच्या डोक्याशी बसून राहिले आणि पदर तुमच्या ओठांपर्यंत ओढत राहिले. विजूअक्का के. आर. पुरमहून पोचली, तिनं तो मागं केला. मी परत ओढला. लोकांना वाटलं, सुनेचं डोकं फिरलंय.

तर तो फोन आल्यावर, औषध आणते असं सांगून मी राजाजीनगरला गेले. डॉक्टरीणबाई दारातच म्हणाल्या, ‘अज्जी बरलिल्वा?’ आल्या नाहीत का? त्यांनी माझ्या मागं बघितलं, तुम्ही जिना हळू चढताय असं वाटून. मी सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या. मग डबी उघडून माझ्यासमोर ठेवली.

आत्या, हुबेहूब हो! तोच मळकट रंग, म्हाताऱ्या माणसाच्या दातांचा. आणि तो डावीकडचा, शेजारच्यावर चढलेला, जरासा आगाऊ. फोटोतलं तुमचं हसू तिथं गुलाबी हिरडीवर बसलं होतं. मी हसायला लागले आणि मग काय झालं ते सांगत नाही. त्या बिचारीनं बाहेरच्या पेशंटला थांबवलं.

तेराव्याला जेवणं झाल्यावर विजूअक्का तिच्या चुलत बहिणींना सांगत होती. मी वाढायची भांडी गोळा करत होते. ‘आई रोज फोनवर म्हणायची मला, माझ्या मनासारखा एक दातसुद्धा करून दिला नाही हिनं. तेवढी एकच हौस होती तिची.’ मला ऐकू जावं म्हणूनच बोलत होती. खोटं बोलत नव्हती. सरोजाक्काला तुम्ही एक सांगितलंत आणि लेकीला दुसरं, आणि दोन्ही खरंच वाटत होतं तुम्हाला, हे मला कळतंय.

मी भांडी खाली ठेवली, कपाटातून डबी आणली आणि तिच्या हातात दिली. म्हटलं, उघड. तिनं उघडली. मग बोटानं त्या चढलेल्या दाताला हात लावला आणि म्हणाली, ‘आई.’ एवढंच. आणि माझ्या गळ्यात पडली. विजूअक्का, माझ्या गळ्यात! तुम्ही बघायला हवं होतं.

सगळ्यांना कळलं आता. बहिणींना कळलं, गल्लीला कळलं, तुमचा लेक माझ्याकडे बघून डोळे पुसायला लागला. ज्याला त्याला पटलं. आणि मला काही म्हणजे काही बरं वाटलं नाही, आत्या. या लोकांना पटवून मी काय करू? मला तुम्हाला पटवायचं होतं.

विजूअक्का म्हणाली, मला दे ती, आठवण म्हणून. मी नाही म्हटलं. तुमचा लेक म्हणाला, नदीत सोडू या. मी म्हटलं, प्लास्टिक सोडतात होय नदीत? आता ती न्हाणीतल्या फळीवर आहे. कोरडी ठेवली तर बिघडते, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, म्हणून पाण्यात ठेवली आहे. रोज सकाळी जुनं पाणी ओतते, गार पाण्यानं, मऊ ब्रशनं धुते, ताजं पाणी घालते. कधीच कुणाच्या तोंडात न गेलेले दात रोज धुवायचे, वेडेपणाच आहे. तुमचा लेक दारात येऊन उभा राहतो.

आज सकाळी धुताना दार लावून घेतलं आणि मोठ्यानं म्हटलं, ‘आत्या, ऐकलं होतं हो मी तुमचं!’ न्हाणीत आवाज घुमला. बाहेरून तुमचा लेक म्हणाला, ‘काय झालं?’

मी म्हटलं, ‘तुमच्याशी नाही बोलत. आत्यांशी बोलतेय. मध्ये बोलू नका.’